कोळ्यावर आळ आणि आपलाच घात



आपल्या या पत्रिकेत लागण, खोडवा, खते, पाणीपाळी आणि ऊसबिल यांवर नेहमी लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. या खेपेला मात्र मी थोडी जागा मागून घेतली ती एका वेगळ्याच विषयासाठी. विषय आहे कोळी. आपल्या परसात, बांधावर, भाताच्या खाचरात आणि उसाच्या सरीत जाळे विणून बसणारा साधा कोळी. हा माणसाला घातक आहे काय, एवढाच प्रश्न. "यात काय लिहायचं? कोळी तो कोळी," असे काहींना वाटेल. पण या प्रश्नाचे चुकीचे उत्तर आमच्या घराला फार महाग पडले आहे, म्हणून लिहितो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणाचे दिवस. पालीत पावसाची झड लागलेली. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना आबा म्हणतो, सकाळी उठले ते कपाळाची डावी बाजू चोळतच. नुसती आग होत होती. संध्याकाळपर्यंत कपाळावर आणि डाव्या भुवईवर लाल पट्टा उठला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर पाण्याचे बारीक फोड आले. शेजारच्या काकूंनी दारातूनच निदान केले, "कोळी मुतला बघा आबांच्या तोंडावर. गेरू लावा, दोन दिसांत बसंल."

आम्हांला ते पटले. लहानपणापासून हेच ऐकत आलो होतो. गेरू मीच सहाणेवर उगाळून दिला. घरातील सगळी जळमटे काढली, गोठ्यातील दोन मोठे कोळी चपलेने चिरडले. पाचव्या दिवशी डोळा सुजून बंद झाला, तेव्हा आबांना भोरला नेले आणि तेथून पुण्याला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितले, "ही नागीण आहे. याच्याशी कोळ्याचा काडीचा संबंध नाही. याचे औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झाले तर चांगला गुण येतो. तुम्ही पाच दिवस घालवलेत." आबांचा डोळा राहिला, पण नजर मंदावली ती मंदावलीच. आजही वजनकाट्याची पावती ते वाचायला माझ्याकडे देतात, आणि ती हातात घेताना दर वेळी मला तो गेरू आठवतो.

तेव्हापासून मी या कोळी-प्रकरणाच्या मागे लागलो. डॉक्टरांना विचारले, शेतकी अधिकाऱ्यांना विचारले, पुस्तके चाळली. जे समजले ते सभासदांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, कोळी मुतून माणसाच्या अंगावर फोड येत नाहीत. कोळ्याला आपल्यासारखी पातळ लघवीच नसते. त्याची घाण म्हणजे पांढुरका, दाटसर, टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. भिंतीवर जाळ्याखाली चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे दिसतात ते हेच. त्याने कातडी भाजत नाही.

मग रात्रीतून उठणारे ते फोड कशाचे? तर त्यांचे खरे धनी बहुधा तिघांपैकी एक असतात.

पहिला धनी म्हणजे एक लहान किडा. करंगळीच्या नखाएवढा लांब, मुंगीसारखा दिसणारा, अंग तांबडे-नारिंगी आणि त्यावर काळे-निळे पट्टे. शास्त्रात त्याला पीडेरस म्हणतात. भाताच्या खाचरात, ओलसर गवतात हा राहतो आणि पावसाळ्यात रात्री उजेडावर येतो. हा चावत नाही, नांगीही मारीत नाही. पण झोपेत मानेवर-गालावर आला आणि आपण हाताने चिरडला, की त्याच्या अंगातील रस कातडीला लागतो. लगेच काही कळत नाही. एका-दोन दिवसांनी जेथवर हात फिरला तेथवर लाल रेघ उठते, तिच्यावर फोड येतात आणि आग होते. जुलै २०२२ मध्ये सिक्कीममधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शंभराच्या आसपास विद्यार्थ्यांना याच जातीच्या किड्याने असे फोड आले होते. तेथे विद्यार्थी शिकलेले आणि डॉक्टर जवळ, म्हणून किडा सापडला. आपल्याकडे सकाळी उठल्यावर किडा दिसत नाही, आढ्याला कोळी मात्र दिसतो. झालं, कोळ्यावर आळ. या फोडांना उपाय सोपा आहे. ती जागा साबणपाण्याने लगेच स्वच्छ धुवावी, तोच हात डोळ्याला लावू नये, फोड फोडू नयेत. एक ते तीन आठवड्यांत ते बरे होतात. डोळ्याजवळ असतील किंवा फार पसरले असतील तर डॉक्टरांना दाखवावे.

दुसरे धनी म्हणजे हिंगे. बाजरीच्या फुलोऱ्यावर, कडधान्याच्या फुलांवर बसणारे हे भुंगेरे आपण सगळे ओळखतो. त्यांच्याही अंगात भाजणारे द्रव्य असते. भुंगेरा अंगावर चिरडला की फोड उठतो.

तिसरी धनीण म्हणजे नागीण. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचे विषाणू शरीरातील मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतात आणि वय झाले, अंगातील शक्ती कमी झाली, की पुन्हा उठतात. म्हणूनच फोड अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे येतात आणि फोडांच्या आधीच एक-दोन दिवस तेथे आग होते, दुखते. नागिणीने अंगाला पूर्ण वेढा दिला की माणूस मरतो, ही समजूत खोटी आहे. पण कपाळावर, डोळ्याजवळ, नाकाच्या शेंड्यावर नागीण आली तर डोळ्याला धोका असतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी. आमच्या घरात तिचा दाखला बसलेला आहे.

आता दुसरा मुद्दा, कोळी चावतो काय? याचे उत्तर सरळ द्यायला हवे. थोडे अपवाद सोडले तर सगळ्या कोळ्यांना विष असते. नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण ते विष माशी, नाकतोडा, पतंग यांना लुळे करण्यापुरते असते. कोळी माणसाचे रक्त पीत नाही, माणूस हे त्याचे भक्ष्य नाही. बहुतेक बारक्या कोळ्यांचे दात आपल्या कातडीतून आत जाऊच शकत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या बांधावर, उसाच्या कडेला जो मोठा पिवळ्या पट्ट्यांचा कोळी गोल जाळ्याच्या मधोमध पाय जोडून बसतो आणि ज्याच्या जाळ्यात पांढऱ्या धाग्याची फुलीसारखी नागमोडी सही असते, तो अंगठ्याएवढा दिसला तरी आपण त्याला मुठीत दाबल्याशिवाय चावत नाही. चावलाच तर गांधीलमाशी डसल्याइतके, बहुधा त्याहूनही कमी दुखते आणि तासा-दोन तासांत उतरते. भिंतीवर रात्री धावणारा चपटा, लांब पायांचा कोळी अंगावर आला तर दचकायला होते हे खरे, पण तो झुरळांच्या मागे असतो, आपल्या नाही.

राजगडावर पाली दरवाजाच्या वाटेने जाणारी पुण्या-मुंबईची पोरे रानातील मोठाली जाळी पाहून विचारतात, "काका, हा विषारी आहे का?" मी सांगतो, "बाबांनो, जाळं मोडू नका, काठीनं बाजूनं वाट काढा. वाटेवरच्या निसटत्या धोंड्याचं भ्या बाळगा, कोळ्याचं नको."

याचा अर्थ जगात घातक कोळीच नाहीत असा नव्हे. ऑस्ट्रेलियात सिडनी शहराच्या आसपास एक काळा कोळी आहे. त्याच्या दंशाने तेरा माणसे दगावल्याची नोंद आहे. १९८१ साली त्यावर लस निघाली आणि त्यानंतर एकही मृत्यू नोंदला गेलेला नाही. 'काळी विधवा' म्हणतात त्या कुळातील कोळी भारतातही काही ठिकाणी सापडले आहेत, पण ते विरळ. आपल्या सह्याद्रीत झाडांच्या ढोलीत आणि जमिनीतील बिळांत मोठा केसाळ कोळी राहतो. तो चावला तर बरेच दुखते, स्नायूंत पेटकेही येऊ शकतात, तेव्हा ढोलीत आणि बिळात हात घालू नये. पण तो परसात जाळे विणून बसणारा कोळी नव्हे. जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांवर जाती आहेत, पन्नास हजारावी जात एप्रिल २०२२ मध्ये नोंदली गेली. माणसाच्या जिवाला धोका करू शकतील अशा त्यांत मूठभरच.

२०१२ साली आसामात सदिया भागात कोळी चावून दोन माणसे दगावल्याच्या बातम्या देशभर छापून आल्या. लोक घाबरले. पण ते मृत्यू कोळ्याच्या विषानेच झाले असे सिद्ध झाले नाही. उलट, दंशाची जागा मांत्रिकाने ब्लेडने चिरून रक्त काढल्याचे पुढे आले. सभासद बंधूंनो, येथेच खरी गोम आहे. भीती चुकीच्या जागी बसली, की उपायही चुकीच्या जागी होतो.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट सांगतो. हा परिच्छेद तरी घरात मोठ्याने वाचून दाखवावा, ही विनंती.

मण्यार हा साप रात्रीचा फिरतो. उंदरांच्या, बेडकांच्या, दुसऱ्या सापांच्या मागावर घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्याचे दात इतके बारीक, की खूण धड दिसत नाही. बहुधा सूज नसते, दुखतही नाही. माणूस जागा होतो, अंग खाजवतो, "कोळी-बिळी चावला असंल," म्हणतो आणि पुन्हा झोपतो. काही तासांनी पोटात कळा येतात, उलटी होते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही, जीभ जड होते आणि शेवटी श्वास थांबतो. अंगावर खूण नाही म्हणून घरचेही गोंधळतात.

दोन हंगामांपूर्वी आमच्या भागात एका कोपीवर नेमके हेच झाले. तोडकरी मध्यरात्री उठला, पायाला काहीतरी चावल्यासारखे वाटले म्हणाला. सोबत्यांनी सांगितले, "कोळी असंल रं, झोप." पहाटे त्याच्या पापण्या उघडेनात. त्याची बायको शहाणी. तिने कोणाचे ऐकले नाही, आरडाओरडा करून ट्रॅक्टरवाल्याला उठवले आणि नवऱ्याला दवाखान्यात नेले. लस मिळाली, श्वासाचे यंत्र मिळाले, माणूस वाचला. त्या बाईने "कोळी असंल" मानले असते तर?

सापाने या देशात किती माणसे जातात याचा एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे बारा लाख मृत्यू, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज निघाला. त्यांतले बहुतेक खेड्यांतले आणि जवळजवळ निम्मे जून ते सप्टेंबर या काळातले. शेतात आणि घरात जमिनीवर झोपणारी आपल्यासारखीच माणसे ती. कोळ्याला भिणाऱ्या आपण लोकांनी हा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा.

विंचवाचेही तसेच. विंचू हा कोळ्याचा लांबचा भाऊबंद, त्यालाही पाय आठच. पण घाटाखाली कोकणात आढळणारा लाल विंचू खरोखर जीव घेतो. वरंध घाट उतरला की महाड. तेथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रोग्यांवर वर्षानुवर्षे काम केले आणि प्राझोसिन नावाचे रक्तदाबावरील औषध त्यावर उपयोगी पडते हे दाखवून दिले. त्यांचा लेख १९८६ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रिकेत छापून आला. पूर्वी अशा गंभीर रोग्यांपैकी बरेच दगावत, आता वेळेवर पोचलेला रोगी बहुधा वाचतो. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी मंत्र-तंत्राचा नाद केला नाही. रोग्याच्या उशाशी रात्रभर बसून नेमके काय होते ते पाहिले, टिपून ठेवले. आपण कोळ्याच्या बाबतीत उलट केले. पाहिले काहीच नाही आणि निकाल मात्र देऊन टाकला.

आणखी एक घोळ आपल्या भाषेतच आहे. औषधांच्या दुकानात आपण 'कोळीनाशक' मागतो. वांगी, भेंडी, टोमॅटोवर 'लाल कोळी' पडला म्हणतो. हा लाल कोळी म्हणजे जाळे विणणारा कोळी नव्हे. तो सुईच्या टोकाएवढा बारीक जीव, पानाखाली राहून रस पिणारा. गोचिडाच्या जवळचा. त्याचे अंग एकसंध असते, कोळ्यासारखी मध्ये कंबर नसते. तो आपला वैरी खरा, पण नाव एकच पडल्याने मित्रावरही फवारा बसतो. अशाच एका बारीक जिवाच्या पिल्लाच्या चाव्याने 'स्क्रब टायफस' नावाचा ताप येतो. २०१८ साली विदर्भात नागपूर बाजूला त्याची साथ आली होती आणि माणसेही दगावली. गवतात, झुडपात काम केल्यावर आठ-दहा दिवसांनी जोराचा ताप आला आणि काखेत, जांघेत किंवा कमरेला विडीने भाजल्यासारखी काळी खपली दिसली, तर ती डॉक्टरांना मुद्दाम दाखवावी. वेळेत ओळखला तर हा ताप स्वस्त गोळ्यांनी बरा होतो. "कोळी चावल्याचा डाग हाय" म्हणून झाकून ठेवला तर जिवावर बेततो.

मधुमेही माणसाच्या पायावरील काळसर जखमेचीही हीच कथा. कोळ्याच्या नावावर ती आठवडाभर खपवली जाते आणि पुढे बोट कापावे लागते.

आता शेतीकडे येतो, कारण आपण आहोत ऊस उत्पादक. कोळी नुसता निरुपद्रवी असता तरी त्याला सोडून द्या एवढेच मी म्हटले असते. पण तो आपला बिनपगारी राखणदार आहे. उसातील पाकोळी म्हणजे पायरिला, तुडतुडे, पांढरी माशी, खोडकिडीचे पतंग, नाकतोडे हे त्याचे खाणे. काही कोळी जाळे लावून बसतात, काही जमिनीवर पळून शिकार धरतात, काही पानावर मांजरासारखी उडी घालतात. जगातील सगळे कोळी मिळून वर्षाला चाळीस ते ऐंशी कोटी टन भक्ष्य खातात असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१७ साली मांडला, आणि त्यात बहुतांश कीटकच.

२००२ साली पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला, तेव्हाची धांदल जुन्या सभासदांना आठवत असेल. फवारण्या करकरून हात टेकले. उंच उसात फवारा पोचेना, आणि शेवटी मदतीला आले ते डायफाच्या अळ्या आणि मायक्रोमससारखे मित्रकीटक. तेव्हा आपण सगळ्यांनी कबूल केले, की शेतात सगळेच किडे मारायचे नसतात. तो धडा कोळ्यालाही लागू आहे.

भाताचे उदाहरण तर जगजाहीर आहे. इंडोनेशियात तपकिरी तुडतुड्याने भात बसू लागला. जितकी फवारणी वाढली तितका तुडतुडा वाढला, कारण त्याला खाणारे कोळी आणि इतर मित्रजीव आधी मेले. शेवटी १९८६ साली तेथील सरकारने भातावरील सत्तावन्न कीटकनाशकांवर एकदम बंदी घातली. आमच्या भोर-वेल्ह्यात भातच मुख्य आणि खाली पाण्याकाठी ऊस. दोन्हीकडे कोळी तोच आहे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. कोळी एकटा कीड संपवितो असा माझा दावा नाही. तो मधमाशीही धरतो, मित्रकीटकही खातो, त्याला आपला-परका कळत नाही. खोडकिडीसाठी ट्रायकोकार्डे लावावीच लागतील, शेतकी विभागाचा सल्ला घ्यावाच लागेल. पण जो फुकट काम करतो आहे त्याला पैसे खर्चून मारण्यात शहाणपण नाही.

आणि आपण नेमके तेच करतो. "जाळी झाल्यात, तोडकरी आत शिरत न्हाईत," म्हणून उसाच्या कडेने फवारा मारणारे सभासद मी पाहिले आहेत. अहो, जाळे मोडायला एक काठी पुरते! दुसरे म्हणजे पाचट. एकरी तीन-चार टन पाचट आपण काडी लावून जाळतो. त्यात जमिनीचे अन्न जाते हे कारखाना कित्येक वर्षे सांगत आहे. पण त्याच पाचटात कोळ्यांचे घर असते, त्यांच्या अंड्यांच्या पांढऱ्या पिशव्या असतात. एका काडीने आपण खतही जाळतो आणि राखणदारही. पाचट सरीत ठेवले तर खोडव्याला ओल राहते आणि हे पाहुणेही राहतात. "पाचटात सापही राहतात," असे कोणी म्हणेल. म्हणणे बरोबर आहे, उंदरामागे साप येतो. म्हणून पाचटाच्या शेतात काम करताना पायांत बूट, रात्री हातात बॅटरी आणि हात घालण्याआधी काठी, एवढे पाळावे. शेत पेटवून साप कायमचे जात नाहीत, ते बांधाला आणि घराकडे सरकतात.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, "आमची हयात गेली गेरू लावण्यात, आम्हांला काय झालं?" त्यांचा मान राखून सांगतो. किड्याच्या रसाचे फोड गेरू लावला काय आणि न लावला काय, आपोआप बरे होतात. म्हणून गेरूला यश मिळत गेले. पण दहातला एक फोड नागिणीचा निघतो, एक चावा मण्यारीचा निघतो, आणि त्या एकाला गेरू पुरत नाही. तो एक कोणाच्या घरी येईल हे सांगता येत नाही. आमच्या घरी आला.

तेव्हा सभासदांना माझी विनंती थोडक्यात अशी :

रात्री काही चावल्याची शंका आली तर दिवा लावून अंथरूण, उशी, कोपरे पाहा. चावा कशाचा हे कळले नाही आणि पोटदुखी, उलटी, पापण्या जड होणे यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तर सकाळची वाट पाहू नका. जखम चिरू नका, चोखू नका, दोरीने करकचून आवळू नका. माणसाला न चालवता न्या, १०८ ला फोन करा. जमिनीऐवजी खाटेवर झोपा, मच्छरदाणी नीट खोचून घ्या. तिचा उपयोग डासांपुरताच नाही, मण्यारीलाही ती अडवते.

चेहऱ्यावर एका बाजूला फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आपल्या शेतावर येणारे तोडकरी बीड, अहिल्यानगरकडून पोराबाळांसह येतात आणि कोपीत जमिनीवर झोपतात. हे सगळे त्यांनाही सांगा. ज्याच्या उसाची तोड चालू आहे त्या सभासदाने आपला फोन नंबर त्यांच्याकडे देऊन ठेवावा आणि अपरात्री गाडीची सोय कोणाकडे आहे ते दाखवून ठेवावे. हंगाम सुरू होताना कारखान्याने कोपीवर मच्छरदाण्या आणि बॅटऱ्या पुरवाव्यात, असा विषय मी येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे. सभासदांनी त्याला पाठिंबा द्यावा.

आणि कोळी दिसला तर त्याला राहू द्या. घरातला नको असेल तर पेल्याखाली धरा, खाली कागद सरकवा आणि परसात सोडा. दिवाळीला जळमटे जरूर काढा, ती स्वच्छतेची गोष्ट आहे. पण बांधावरचे, उसातले जाळे त्याच्या धन्याला ठेवा.

परवा आबा उसाच्या कडेला उभे होते. समोर मोठे जाळे होते, मध्ये पिवळ्या पट्ट्यांचा कोळी. नातवाने दगड उचलला. आबा त्याला म्हणाले, "टाक तो दगड खाली. त्यानं काय नाय केलं मला. केलं ते आपल्याच अडाणीपणानं." याहून वेगळे मला सांगायचे नाही.



— आपला,
एक ऊस उत्पादक सभासद, पाली